शेतातील स्वयंचलित यंत्रणा आणि संशोधकांची बैठक

शेतात बसविलेला संवेदक मातीतील ओलावा मोजतो, संगणक त्यावरून पाण्याची गरज ठरवितो आणि त्याच्या आज्ञेने ठिबक संचाची झडप उघडते. पुरेसा ओलावा आला की संवेदकाच्या नव्या नोंदीनुसार ती बंद होते. मोजणी, गणित व कृती यांच्या या अखंड साखळीस सायबर-फिजिकल प्रणाली म्हणतात. या क्षेत्रासाठी केंद्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये ३,६६० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय अभियानास मंजुरी दिली व देशात २५ तंत्रज्ञान केंद्रे उभी राहिली.

परभणीस हा विषय परका नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या येथील कृषी विद्यापीठात यंत्रमानव, ड्रोन व स्वयंचलित वाहने यांद्वारे डिजिटल शेतीचा प्रकल्प राबविण्यात आला. अशा ठिकाणी या क्षेत्रातील संशोधकांची बैठक भरवावयाची झाल्यास तिचे नियोजन सभागृहापासून नव्हे, शेतापासून सुरू झाले पाहिजे.

पहिला प्रश्न तारखेचा. मे महिन्यात सभागृहे मोकळी असतात, पण रानही मोकळेच असते; उभ्या पिकाशिवाय फवारणीच्या ड्रोनची परीक्षा कशी व्हावी? भर पावसात काळ्या जमिनीत वाहने रुततात. तेव्हा पाऊस ओसरू लागला आहे आणि कपाशी उभी आहे, असा सप्टेंबरअखेरचा काळ सोयीचा. राज्यातील चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त संशोधन समिती नवी वाणे, अवजारे व शिफारशी तपासते. ती बहुधा खरिपाच्या तोंडावर भरते. सप्टेंबरात निघालेल्या प्रश्नांवर काम करून तिच्यापुढे जाण्यास मधले महिने मिळतात.

निमंत्रितांत संगणकतज्ज्ञ असावेतच. परंतु कीटकशास्त्रज्ञ, कृषी सहायक आणि फवारणी करणारे शेतमजूर यांनाही प्रेक्षक म्हणून नव्हे, तर बोलण्यासाठी बोलवावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीत विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. ड्रोनमुळे माणूस फवाऱ्यापासून दूर राहतो, हा त्याचा मोठा लाभ. मात्र वाऱ्याने औषध शेजारच्या शेतावर किंवा विहिरीवर गेले तर? केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोन फवारणीची कार्यपद्धती जाहीर केली. तिचे पालन बांधावर कोण पाहणार, हा प्रश्न ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधीने विचारलेला बरा.

प्रात्यक्षिकाबाबत आमचे मत थोडे कठोर आहे. यंत्र सुरळीत चालताना सर्वच दाखवितात. वीज गेली, मोबाइलचा संपर्क तुटला, संवेदकावर चिखल बसला, तर झडप उघडी राहते की बंद होते, हे पाहुण्यांसमक्ष मुद्दाम करून पाहावे. उघडी राहिली तर विहिरीतील मोजके पाणी वाया जाते, बंद राहिली तर पीक सुकते. कोणती चूक सोसता येईल, हे पीक व हंगाम पाहूनच ठरते. यासाठी कार्यक्रमपत्रिकेत अर्धा दिवस राखून ठेवावा आणि उद्घाटनाची भाषणे तेवढी आखूड करावीत.