दस्त नोंदला म्हणजे मालकी मिळाली?

हिंजवडीत आयटी पार्कच्या आसपास फ्लॅट किंवा गुंठे घेणारे हमखास म्हणतात, ‘रजिस्ट्रेशन झालंय, आता काळजी नाही.’ हा समज महागात पडू शकतो.

दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणाऱ्याची मालकी खरी की खोटी, याचा निवाडा तो करत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका प्रकरणात हेच सांगितले. पुण्यातच मुंढव्याचे उदाहरण आहे. सरकारी म्हणून नोंद असलेल्या सुमारे ४० एकर महार वतन जमिनीचे ३०० कोटींचे खरेदीखत २०२५ मध्ये नोंदले गेले. नोव्हेंबरात गदारोळ झाला आणि अधिकारी निलंबित झाले.

सातबाऱ्यावरचे नावही मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. ती महसुली नोंद आहे. विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच ती खरी मानतात. नावापेक्षा ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाचावा. बोजा, भूसंपादनाचे शेरे तिथेच सापडतात.

फ्लॅटवरचे कर्ज मात्र सातबाऱ्यावर दिसेलच असे नाही. मूळ करारनामा बँकेत ठेवला की गहाण झाले. म्हणून महाराष्ट्रात २०१३ पासून कर्जदाराने ३० दिवसांत ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ दाखल करणे बंधनकारक आहे. शिवाय २०११ पासून ‘सरसाई’ ही केंद्रीय नोंदवही आहे. थोडे शुल्क भरून कोणीही तिच्यात शोध घेऊ शकतो. ‘मूळ कागद हरवले’ असे विक्रेता म्हणाला, तर हा शोध घेतल्याशिवाय विसारही देऊ नये.

‘विकणाऱ्याने सांगितलंच नाही, आता काय करणार?’ ही हतबलताही चुकीची आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चे कलम ५५ विक्रेत्यावर मिळकतीतले व हक्कातले दोष सांगण्याचे बंधन घालते आणि ते लपवण्याला कपट ठरवते. पण खरेदीदाराला साध्या काळजीने जो दोष कळला असता, त्याला हे संरक्षण नाही. नोंदलेला दस्त सहसा खरेदीदाराला माहीत असल्याचेच कायदा धरतो. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेण्याचे महत्त्व इथे आहे. तो चुकवणारा तक्रारीचा आपला आधारच कमकुवत करतो.

बिल्डरबाबत रेरा अधिक कडक आहे. करारनामा झाल्यावर तो फ्लॅट गहाण टाकता येत नाही; टाकलाच तरी ग्राहकाचा हक्क अबाधित राहतो. आधीच्या गहाणासाठी महारेराच्या संकेतस्थळावरची माहिती तपासून बँकेची एनओसी मागावी. जमिनीच्या सदोष हक्कामुळे नुकसान झाले, तर कलम १८ नुसार भरपाईच्या दाव्याला मुदतीची आडकाठी येत नाही.