दोन चाकांचं तंत्र (भाग ७) : पेडल पाय सोडत नाही तेव्हा

क्लिपलेस पेडलवरची माझी पहिली आपटी दसरा चौकातली. सिग्नल लाल झाला, मी थांबलो, उजवा पाय काही सुटेना, सायकलसकट आडवा. शेजारच्या स्कूटरवाल्यानं उचललं आणि विचारलं, "भावा, सायकलीला बांधून घेतलंयस काय?"

प्रश्न बरोबरच होता. नाव क्लिपलेस, पण हे पेडल पाय धरूनच ठेवतं. पूर्वी बुटाचं टोक धातूच्या क्लिपेत घालून वरून पट्टा आवळत; ती क्लिप गेली, म्हणून हे नाव. कल्पना बर्फावरच्या खेळातली. स्कीवरून पडल्यावर बूट आपोआप सुटेल अशी पकड बनवणाऱ्या लूक या फ्रेंच कंपनीनं ती १९८४ मध्ये पेडलवर आणली आणि १९८५ ची तूर द फ्रान्स बर्नार्ड इनोनं त्याच पेडलांवर जिंकली. शिमानोचं एसपीडी नंतरचं. त्याची क्लीट, म्हणजे बुटाखालचा पेडलमध्ये अडकणारा तुकडा, लहान, बुटाच्या तळव्यात दडलेली. पन्हाळ्यावर झुणका-भाकरीसाठी उतरलात तरी नीट चालता येतं.

एसपीडीत क्लीटचं पुढचं नाक पेडलच्या पुढच्या आकड्यात शिरतं आणि टाच दाबली की मागचा स्प्रिंगचा जबडा तिला पकडतो. सुटायचं तर टाच बाहेर वळवायची. पाय वर ओढून काही होत नाही, आणि घाबरलेला माणूस नेमका तोच ओढतो.

जबडा किती घट्ट, हे मागच्या बाजूचा छोटा स्क्रू ठरवतो. ३ मिमीची अ‍ॅलन की घ्या. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवलं तर घट्ट, उलट सैल. नवशिक्यानं सैलच ठेवावं. दुहेरी पेडलला दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे जोडीला चार स्क्रू, आणि तीन सैल करून चौथा विसरणारे पुष्कळ. एकेक 'टक्' मोजत चारही सारखे ठेवा. सैल म्हणजे पार बाहेर काढणं नव्हे. स्क्रू जबड्याच्या पत्र्यातून निसटला तर नसता उद्योग मागे लागतो. पन्हाळ्याच्या चढावर उभं राहून रेटा देताना पाय आपणहून सुटू लागला, तर दोन टक् परत घट्ट करा. नवशिक्याला आणखी एक सोय आहे: एसएच-५६ क्लीट. टाच इतर दिशांना वळवली तरी ती सुटते, आणि ही एकच खरेदी मी आग्रहानं सांगेन.

अडकवणं जड जात असेल तर आधी स्क्रूकडे नको, बुटाखाली बघा. पावसाळ्यात लाल चिखल क्लीटभोवती बसतो आणि नाक आकड्यात जातच नाही. काडीनं कोरून काढा, जबड्याच्या सांध्यावर तेलाचा थेंब टाका, वरचं पुसून घ्या.

मी यातलं सगळं केलं, चारही स्क्रू तळापर्यंत सैल सोडले आणि आठवड्यानं रंकाळ्यावर पुन्हा आडवा झालो. घरी बूट उलटा केला तेव्हा कळलं. क्लीट दोन बोल्टांवर बसते. उजवीकडचा एक कधीच पडला होता. मी टाच वळवत होतो, बूट वळत होता आणि क्लीट उरलेल्या बोल्टाभोवती गोल फिरत पेडलमध्ये तशीच अडकून राहत होती. आता ४ मिमीची अ‍ॅलन की माझ्या सीटखालच्या पिशवीत असते.