उन्हाळी वेत आणि जीवनसत्त्व ‘ई’

आपल्या जिल्ह्यात घाटाखालील मलकापूर, नांदुरा, जळगाव-जामोद या मुलखात वैशाखात पारा ४० अंशांवर जातो, हे वाचकांस सांगावयास नको. अशा दिवसांत व्यावयास झालेल्या गाईम्हशींवर दुहेरी भार पडतो. म्हशीचे कातडे काळे व घर्मग्रंथी थोड्या, म्हणून तिची तलखी अधिकच. जनावर धापा टाकते, चारा सोडते. आणि शरीरात गंजासारखी एक क्रिया बळावून पेशी झिजू लागतात. तिला आळा घालण्याचे काम जीवनसत्त्व ‘ई’ व सेलेनियम हे सूक्ष्म खनिज करितात. ती कमी पडल्यास वार अडकण्याचे व कास सुजण्याचे भय वाढते.

मेख अशी की, ‘ई’ हिरव्या चाऱ्यात विपुल, वाळल्या कडब्यात थोडे. आणि जे अंगी असते त्यातलेही चिकात उतरते. आमचा जन्म जमाखर्च लिहिण्यात गेला. ही तूट आम्हांस चटकन उमगली.

आटलेल्या गाभण गाईस साठविलेल्या चाऱ्यावर असता शेवटले दोन महिने वजनाच्या दर किलोस १.६ एकके ‘ई’ रोज द्यावे, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००१ साली सुचविले; म्हणजे ४०० किलोच्या गाईस ६४०. सेलेनियम मात्र सुक्या खाद्याच्या किलोमागे ०.३ मिलिग्रॅमच. अंदाजाने वाढविल्यास ते विष होय. सबब पशुवैद्यास विचारल्यावाचून पुडी आणूच नये.

सावली व थंड पाणी नसेल तर पुडीचे पैसे व्यर्थ जातील. विहिरीवर लसूणघासाचा वाफा राखणारास तो खर्चही पुष्कळ वाचविता येईल.