पोटमाळ्याची खोली करताना कोणते लाकूड बदलायचे?

ब्रिटनमधील जुन्या घरांच्या उतरत्या छपराखाली बरीच जागा मोकळी पडलेली असते. तिथपर्यंत जिना नेऊन, पाटई बळकट करून आणि छपरात खिडक्या बसवून राहण्याची खोली काढतात. या कामाला तिकडे ‘लॉफ्ट कन्व्हर्जन’ म्हणतात. छपराचे लाकूड उघडे पडले की मालक आणि कंत्राटदार यांच्यात अनेकदा वाद होतो. ‘ही तुळई गेली आहे, बदलावी लागेल,’ असे कंत्राटदार सांगतो. मालकाला ते बिल वाढवण्याचे निमित्त वाटते. त्या लाकडावर किती भार येणार आणि त्यातला किती भाग शाबूत आहे, या दोन गोष्टी मोजल्या की वादाचा तांत्रिक भाग मिटू शकतो.

साधारण १९६० च्या दशकापूर्वीच्या घरांचे छप्पर सुतारांनी जागेवरच लाकूड कापून उभे केलेले असते. आढ्यापासून भिंतीपर्यंत वासे उतरतात. त्यांना मधोमध खालून एक आडवी तुळई पेलते आणि त्या तुळईला दिलेले तिरपे टेकू आतल्या भिंतीवर टेकवतात. छपराच्या वजनाने वाशांची खालची टोके भिंतींना बाहेर ढकलतात. समोरासमोरच्या वाशांना जोडणाऱ्या छताच्या कड्या हा रेटा अडवून धरतात. म्हणजे कडी खालच्या खोलीचे छत धरते, शिवाय दोन्ही बाजूंच्या भिंतींनाही आवळून ठेवते. पर्यायी आधार न देता ती कापली, तर वासे फाकतात आणि भिंती कलू लागतात. नंतरच्या काळात कारखान्यात तयार झालेल्या कैच्या आल्या. त्यांची लाकडे जेमतेम ३५ मिलिमीटर जाडीची असतात आणि दातेरी पत्र्यांनी जोडलेली असतात. खोलीच्या आड येते म्हणून कैचीचे एखादे तिरपे लाकूड काढले, तर त्याचा भार इतर लाकडांवर जातो आणि त्यासाठी ती बनवलेलीच नसतात.

छताच्या कड्यांचे गणित किरकोळ सामानापुरते केलेले असते. त्यासाठी दर चौरस मीटरला सुमारे २५ किलो भार धरतात. राहत्या खोलीच्या पाटईसाठी हाच आकडा सुमारे १५० किलो, म्हणजे सहापट असतो. त्यामुळे निरोगी कडीसुद्धा नव्या कामाला अपुरी पडते. मात्र अपुरी पडते म्हणून ती काढून टाकण्याची गरज बहुधा नसते. जुन्या कड्यांच्या मधल्या जागेत जास्त उंचीच्या नव्या कड्या टाकतात आणि खालच्या गिलाव्याला त्या टेकणार नाहीत इतके अंतर राखतात. पाटईचा भार नव्या कड्या घेतात, छत आणि भिंती जुन्या धरून ठेवतात. जुनी कडी नव्या पाटईला पुरत नाही, एवढे कारण ती बदलण्याचे बिल लावायला पुरेसे नाही.

नव्या कडीची उंची महत्त्वाची असते, कारण लाकडाची वाकण्याविरुद्धची ताकद उंचीच्या वर्गाच्या आणि ताठपणा घनाच्या प्रमाणात वाढतो. रुंदी तीच ठेवून १०० ऐवजी २०० मिलिमीटर उंचीची कडी घेतली, तर ताकद चौपट आणि ताठपणा आठपट होतो. झिजेलाही हाच नियम लागू पडतो. १०० मिलिमीटर उंचीच्या कडीचा वरून आणि खालून दहा-दहा मिलिमीटर भाग कुजला, तर ताकद ३६ टक्क्यांनी घटते आणि ताठपणा जवळजवळ निम्म्यावर येतो. तेवढेच लाकूड दोन्ही बाजूंनी गेले, तर घट बरीच कमी असते.

म्हणून भोके दिसली की लाकूड बाद, असे म्हणता येत नाही. ब्रिटनमधल्या नेहमीच्या लाकूडकिड्याची भोके दीड-दोन मिलिमीटरची असतात आणि कीड पूर्वीच मरून गेलेली असू शकते. भोकातून ताजा फिका भुसा पडत असेल, तर ती जिवंत असल्याचा संशय घेतात. बुरशीला ओल लागते. लाकडातील पाणी सुमारे २० टक्क्यांच्या खाली राहिले, तर कुजणे सहसा सुरू होत नाही. त्यामुळे ओलमापकाने नोंद घेऊन टोकदार हत्याराने लाकूड टोचून पाहतात. भिंतीत शिरलेली तुळईची टोके विशेष तपासतात, कारण ओल तिथेच मुरते. केवळ टोक कुजले असेल, तर तेवढे कापून नवा तुकडा जोडता येतो.

बाक आलेल्या तुळईचेही तसेच. वर्षानुवर्षांच्या भाराखाली लाकूड हळूहळू कायमचे वाकते. तेवढ्यावरून त्याची ताकद संपली असे ठरत नाही. स्लेटच्या पातळ फरश्या काढून जड काँक्रीटची कौले घातल्यानेही बाक वाढतो. तो धोक्याचा आहे की नाही, हे संरचना अभियंता भाराचा हिशेब करून ठरवतो.

टेकू काढून जागा मोकळी करायची असेल, तर त्यांचा भार बहुधा पोलादी तुळयांवर घेतात. नवी तुळई बसून भार घेईपर्यंत छप्पर तात्पुरत्या टेकूंवर तोलून धरावे लागते. ओळीतल्या घरांमध्ये या तुळयांची टोके शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या भिंतीत जातात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या पार्टी वॉल कायद्यानुसार त्यासाठी शेजाऱ्याला दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते. त्याने चौदा दिवसांत संमती दिली नाही, तर वाद उभा राहिला असे मानून सर्व्हेअर नेमले जातात.

बांधकाम नियमावलीचा तपासनीस काम नियमांप्रमाणे आहे का, एवढेच पाहतो. वाढीव बिल योग्य की अयोग्य, हे तो ठरवत नाही. तो प्रश्न कराराचा असतो. काम वाजवी काळजीने आणि कौशल्याने व्हायला हवे, ही अट २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने घातली आहे. वाद झाल्यास काढलेले लाकूड, मापे, छायाचित्रे आणि अभियंत्याचा हिशेब हाच पुरावा ठरतो. त्यामुळे लाकूड काढण्यापूर्वी लेखी कारण आणि दर ठरवणे दोघांच्याही हिताचे असते. वर बोर्ड ठोकल्यानंतर तुळई तपासायची, तर बहुधा केलेले काम पुन्हा उघडावे लागते.