युनिक्स संगणक-जाळ्यातील वापरकर्ता खात्यांचे केंद्रीय व्यवस्थापन

प्रस्तावना :
एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत युनिक्स किंवा लिनक्स प्रणालीचे ४० संगणक आहेत व १५० विद्यार्थी ते आळीपाळीने वापरतात असे मानल्यास, प्रत्येक यंत्रावर प्रत्येकाचे खाते उघडण्यासाठी ६,००० नोंदी कराव्या लागतील. विद्यार्थ्याने पासवर्ड बदलल्यास तो एकाच यंत्रावर बदलेल. उर्वरित ३९ ठिकाणी जुनाच चालेल. नागपूरलगतच्या वाडीसारख्या ठिकाणी प्रयोगशाळेचा सारा भार एकाच सहायकावर असेल, तर महाविद्यालय सोडून गेलेल्यांची खाती वर्षानुवर्षे उघडी राहणे स्वाभाविक होय.

क्रमांकाचा प्रश्न :
श्रम वाचविणे हा केंद्रीय व्यवस्थापनाचा दुय्यम लाभ आहे. मूळ प्रश्न निराळाच आहे. युनिक्स प्रणाली फाइलचा मालक नावाने नव्हे, तर क्रमांकाने ओळखते. नाव व क्रमांक यांची सांगड 'पासडब्ल्यूडी' या साध्या मजकूर-फाइलमध्ये असते आणि ही फाइल प्रत्येक यंत्रावर वेगळी असते. पहिल्या संगणकावर १००१ हा क्रमांक एका विद्यार्थिनीचा व दुसऱ्यावर तोच अन्य विद्यार्थ्याचा असू शकतो. दोन्ही यंत्रे 'एनएफएस' पद्धतीने सामायिक साठ्यास जोडली, की दुसऱ्या यंत्रावरील विद्यार्थी तिच्या प्रकल्पाच्या फाइली सहज वाचू, किंबहुना पुसू शकतो. यात कोणी कुलूप तोडलेले नसते. प्रणालीच्या दृष्टीने तो मालकच ठरतो. म्हणून नाव आणि क्रमांक यांची नोंद एकाच ठिकाणी असणे आवश्यक ठरते.

उपायांचा विकास :
सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८० च्या दशकात 'यलो पेजेस' ही सेवा आणली. हे नाव ब्रिटिश टेलिकॉमचे व्यापारचिन्ह असल्याने ते बदलून 'निस' करावे लागले. तथापि तिच्या आज्ञांतील 'वायपी' ही अक्षरे कायम राहिली. एक मुख्य सर्व्हर, त्याच्या प्रती ठेवणारे दुय्यम सर्व्हर आणि त्यांना विचारणारी इतर यंत्रे, अशी ही सुटसुटीत रचना होती. मात्र पासवर्डांची सांकेतिक रूपे जाळ्यातील कोणासही मागविता येत, हा तिचा गंभीर दोष होता. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या २०२२ मधील नवव्या आवृत्तीतून ती वगळण्यात आली.

मिशिगन विद्यापीठात विकसित झालेल्या 'एलडॅप'चे पहिले विनिर्देश १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. यात संस्था, विभाग, व्यक्ती अशा वृक्षाकार रचनेत माहिती ठेवली जाते. युनिक्स खात्यांचे तपशील तीत कसे बसवावेत, हे १९९८ च्या 'आरएफसी २३०७' ने सांगितले. मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ही पद्धत इतकी रुळली आहे, की विद्यार्थी आपल्या ओळखनामास 'एलडॅप आयडी' असेच म्हणतात.

तरीही केवळ 'एलडॅप'ने एनएफएसची उणीव भरून निघत नाही. रूढ पद्धतीत साठ्याचा सर्व्हर समोरच्या यंत्राने कळविलेल्या क्रमांकावर विश्वास ठेवतो. स्वतःच्या लॅपटॉपवर पूर्ण अधिकार असलेली व्यक्ती हवा तो क्रमांक कळवू शकते. एमआयटीच्या अथेना प्रकल्पातून आलेली 'कर्बेरॉस' पद्धत येथे उपयोगी पडते. तीत पासवर्ड जाळ्यावरून जातच नाही. ठराविक मुदतीचे तिकीट दाखवून ओळख पटते. अट एवढीच, की सर्व यंत्रांची घड्याळे जुळावीत. सामान्यतः पाच मिनिटांहून अधिक फरक पडल्यास प्रवेश नाकारला जातो. प्रयोगशाळेत 'पासवर्ड बरोबर असूनही चालत नाही' अशी तक्रार आल्यास प्रथम घड्याळ पाहावे.

अंमलबजावणी :
केंद्र एकच असले, की ते बंद पडताच सर्वांचा प्रवेश थांबतो. यास्तव निदान दोन सर्व्हर असावेत. लिनक्सवरील 'एसएसएसडी' ही सेवा पूर्वी प्रवेश केलेल्यांची ओळख यंत्रावर जपून ठेवू शकते. त्यामुळे ऐन प्रात्यक्षिक परीक्षेत जाळे खंडित झाले तरी अशा विद्यार्थ्यांना काम सुरू करता येते.

विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेल्यावर त्याचे खाते त्वरित निष्क्रिय करावे, परंतु त्याचा क्रमांक नव्या विद्यार्थ्यास देऊ नये. अन्यथा जुन्याच्या मागे राहिलेल्या सर्व फाइली आपोआप नव्याच्या मालकीच्या होतात.