आरएक्स १००चं ऑइल जातं कुठे?

यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात एस्कॉर्ट्सने बनवून विकली. एकच सिलिंडर, त्याचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ५० मिलिमीटर, म्हणजे ९८ सीसी. ७,५०० आरपीएमला ११ अश्वशक्ती, चार गिअर, वजन शंभर किलोच्या आसपास. सव्वाशे सीसीच्या साध्या गाड्या आज जेवढी ताकद देतात, साधारण तेवढीच. तरीही बऱ्या अवस्थेतली आरएक्स आज कोणी सहजासहजी स्वस्तात देत नाही. अशी गाडी घ्यायचा विचार असेल तर तिचं इंजिन चालतं कसं हे आधी समजून घ्यावं. ते एकदा डोक्यात बसलं की देखभालीचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल तळाशी साठतं, वर फिरून येतं आणि पुन्हा तळाशी जातं. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकला ही चैन नाही, कारण इथे क्रँककेस हाच इंजिनाचा हवेचा पंप असतो. पिस्टन वर चढतो तेव्हा त्याच्या डोक्यावरचं मिश्रण दाबलं जातं आणि त्याच वेळी खाली क्रँककेसमध्ये पोकळी तयार होते. त्या ओढीने रीड व्हॉल्व्हच्या पातळ पट्ट्या उघडतात आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल-हवा आत येते. वर ठिणगी पडते, पिस्टन खाली ढकलला जातो. उतरताना तो आधी एक्झॉस्टचं भोक मोकळं करतो, जळका वायू सुटतो. आणखी थोडं खाली आला की बाजूची ट्रान्सफर पोर्ट उघडतात आणि क्रँककेसमध्ये दाबलेलं ताजं मिश्रण वर घुसतं. कॅम नाही, टायमिंग चेन नाही. दारं उघडण्या-मिटण्याचं काम पिस्टनच करतो. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी, म्हणजे ६,००० आरपीएमला सेकंदाला शंभर. फोर-स्ट्रोकला त्याच वेगात पन्नासच मिळतात. शंभर सीसीची ही गाडी अशी का पळते, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं उत्तर सायलेन्सरमध्ये आहे. एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर दोन्ही काही क्षण एकाच वेळी उघडी असतात, त्यामुळे ताजं मिश्रण न जळताच बाहेर निसटू पाहतं. सायलेन्सर आधी फुगत आणि पुढे निमुळता होत गेलेला असतो, तो याचसाठी. बाहेर गेलेली दाबाची लाट निमुळत्या भागावर आपटून, विहिरीत मारलेली हाक परत यावी तशी, मागे फिरते आणि निसटणारं मिश्रण सिलिंडरमध्ये परत लोटते. म्हणून आवाजासाठी सायलेन्सरमधली पुंगळी काढून टाकणारी मंडळी इंजिनाचाच एक भाग काढून टाकत असतात. गाडी जास्त ओरडते, आणि मधल्या आरपीएमची ओढ बहुधा कमी होते. वर पोलिसांचा दंड आहेच.

आता ऑइलकडे येऊ. क्रँकचे बेअरिंग, कनेक्टिंग रॉडची दोन्ही टोकं, पिस्टन, या सगळ्यांना वंगण मिळतं ते फक्त त्या येणाऱ्या मिश्रणातून. काम झालं की ऑइल पेट्रोलबरोबर जळून धूर होऊन जातं. परत काहीच येत नाही. पूर्वी ते मापाने पेट्रोलच्या टाकीतच ओतत. यामाहाने १९६४ मध्ये वायए-६ या गाडीवर ऑटोल्यूब आणलं: ऑइलची वेगळी टाकी आणि इंजिनावर चालणारा छोटा पंप. इंजिनाचा वेग आणि थ्रॉटल किती उघडला आहे, या दोन्हींवरून तो ऑइलचा थेंब ठरवतो. आरएक्सचा हा पंप आपल्याकडे पुष्कळ मेकॅनिकांनी काढून टाकला आहे. कारण एकच, तो बंद पडला तर चालवणाऱ्याला कळत नाही आणि इंजिन जातं. भीती खोटी नाही. पण पंप शाबूत असेल, केबलची खूण बरोबर जुळत असेल आणि नळीत हवेचा बुडबुडा नसेल, तर माझं मत पंप ठेवावा असंच आहे.

याचं कारण घाट. पंप नसलेल्या गाडीत ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. ताम्हिणीच्या उतारावर गिअर खाली टाकून थ्रॉटल बंद ठेवला की इंजिन जोरात फिरत राहतं, पण पेट्रोल जवळजवळ थांबलेलं, म्हणजे ऑइलही थांबलेलं. पिस्टन कोरडा पडायला एवढं पुरतं. अशा गाडीने उतरताना मधूनमधून थ्रॉटल थोडा द्यावा आणि ब्रेकवर जास्त भिस्त ठेवावी. इंजिन एकाएकी घट्ट झाल्यासारखं वाटलं तर त्याच क्षणी क्लच दाबायचा; नाहीतर मागचं चाक लॉक होतं. प्रमाण म्हणाल तर लिटरला २० मिलिलिटर म्हणजे ५०:१. नुकतंच बोअर केलेलं इंजिन असेल तर लिटरला ३० ते ४० मिलिलिटर.

क्रँककेस हा पंप असल्यामुळे त्याचे सील फार महत्त्वाचे. डावीकडच्या मॅग्नेटोच्या बाजूचा सील गेला की चोरवाटेने हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, आयडलिंग आपोआप चढतं आणि पिस्टन तापतो. उजवीकडचा, क्लचकडचा सील गेला तर इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढून जाळू लागतं: पांढरा दाट धूर निघतो आणि गिअर ऑइल विनाकारण कमी होत राहतं. दोन्ही वेळा कार्ब्युरेटरला दोष देऊन स्क्रू फिरवत बसण्यात अर्थ नसतो. प्लग काढून पाहावा. कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक, काळा आणि ओला असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर गाडी तशीच पळवू नये.

जळलेल्या ऑइलची काजळी एक्झॉस्ट पोर्टमध्ये आणि पुंगळीत साठते. गाडी हळूहळू मंदावते, एवढी हळू की मालकाला सवय होऊन जाते. हेड आणि सायलेन्सर उघडून ती खरवडावी, पण लाकडी किंवा पितळी पट्टीने. पोलादी स्क्रूड्रायव्हरने ॲल्युमिनियमवर चरे पडतात.

सिलिंडर झिजला की बोअर करून पाव मिलिमीटर मोठा पिस्टन टाकतात. असं ०.२५ पासून १.०० मिलिमीटरपर्यंत चार वेळा करता येतं, आणि शेवटच्या टप्प्यावर इंजिन १०२ सीसीचं झालेलं असतं. बोअर झाल्यावर पोर्टच्या धारा किंचित घासून घेतल्या का, हे लेथवाल्याला विचारा. तीक्ष्ण धारेत रिंग अडकते आणि तुटते.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमधल्या ऑक्सिजनमुळे मिश्रण पातळ पडतं, आणि ते सुधारायला या गाडीत कॉम्प्युटर नाही. मेन जेट एक नंबर मोठी लागू शकते. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, म्हणून महिनाभर उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवावं.

गाडी बघायला जाताना मालकाला इंजिन थंड ठेवायला सांगा. गरम केलेलं इंजिन बरंच काही लपवतं. आयडलिंग स्थिर राहतं का, गरम झाल्यावरही पांढरा धूर टिकतो का, ते पाहा. सध्याचा पिस्टन कितव्या साइजचा आहे ते विचारा, कारण १.०० आला असेल तर पुढच्या वेळी स्लीव्ह बदलायचा खर्च आहे. चासी नंबर आरसीशी जुळवून घ्या. पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण राहिलं असेल, तर दंड आणि पर्यावरण कर कोण भरणार हे किमतीच्या आधी बोलून घ्या.