विश्लेषण : दातांच्या तारा बसवणारी अवजारे पुन्हा वापरणे कितपत सुरक्षित?

दातांना तारा लावण्याचा उपचार साधारण दीड-दोन वर्षे चालतो. त्यासाठी रुग्णालयाच्या ऑर्थोडोंटिक्स विभागात वारंवार जावे लागते. तिथली पक्कड, कटर, आरसा एका दिवसात अनेकांच्या तोंडात जातात. मग संसर्ग कसा टाळला जातो?

पुन्हा काय वापरतात?

ब्रॅकेट आणि तार एका रुग्णापुरतीच असते. पोलादी अवजारे मात्र निर्जंतुक करून पुन्हा वापरण्यासाठीच बनवलेली असतात. दाढेवर मापासाठी घालून पाहिलेला, पण न बसलेला बँडही निर्जंतुक केल्याशिवाय डब्यात परत टाकायचा नसतो.

आधी धुणे का महत्त्वाचे?

लाळ किंवा रक्त वाळले, की त्याखालच्या जंतूंपर्यंत वाफ नीट पोहोचत नाही. पकडीचा सांधा ही सर्वांत अवघड जागा. म्हणून सांधा उघडा ठेवून अवजार अल्ट्रासॉनिक यंत्रात धुतात. ध्वनिलहरींमुळे पाण्यात सूक्ष्म बुडबुडे फुटतात आणि ब्रश पोहोचत नाही तिथली घाण सुटते.

ऑटोक्लेव्ह काय करतो?

दाबाखालच्या वाफेने तो जंतू मारतो. तापमान १२१ किंवा १३४ अंश सेल्सिअस असते. वेळ यंत्राच्या प्रकारानुसार ठरतो. पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलला, म्हणजे उष्णता लागली, एवढेच कळते. यंत्राची खरी परीक्षा चिवट जिवाणूंच्या बीजाणूंनी होते. ही चाचणी आठवड्यातून किमान एकदा करावी, अशी अमेरिकेच्या ‘सीडीसी’ या आरोग्य संस्थेची शिफारस आहे.

स्पिरिटने पुसले तर चालते का?

नाही. स्पिरिटने बीजाणू मरत नाहीत. हिपॅटायटिस बीचा विषाणू तर शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. गंजाची भीती असेल, तर अवजार पूर्ण कोरडे करणे आणि सांध्याला योग्य वंगण देणे हा उपाय आहे.

हलगर्जीपणाची किंमत काय?

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात २०१३ मध्ये एका दंत शल्यचिकित्सकाकडे गंजलेली अवजारे आढळली. तिथल्या ऑटोक्लेव्हची बीजाणू चाचणी सहा वर्षे झालेली नव्हती. सुमारे सात हजार रुग्णांना रक्ततपासणीचा सल्ला द्यावा लागला. एका रुग्णाकडून दुसऱ्याला हिपॅटायटिस सी झाल्याचेही सिद्ध झाले.

रुग्णाने काय पाहावे?

अवजारांचे पाकीट आपल्यासमोर फोडले जाते का, खुणेचा रंग बदललेला आहे का, डॉक्टर हातमोजे बदलतात का, हे पाहा. ‘बीजाणू चाचणी कधी झाली?’ असेही विचारा. विचारण्यात संकोच नको. तो तुमचा हक्क आहे.